शंभर पंचांची पंचाईत

साताऱ्याच्या मामीने जुनं घर आवरायला काढलं तेव्हा भाचरांच्या वाट्याला आलं ते असं: थोरल्या भावाला पितळी समई, बहिणीला मामीची एक पैठणी आणि मला एक लाकडी पेटी. समई म्हणजे काय, पैठणी म्हणजे काय, हे कुणाला विचारावं लागलं नाही. पेटी उघडल्यावर मात्र सगळे गप्प झाले. आत मधोमध, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्यासारखा, निकेल चढवलेला एक सांगाडा आणि त्याच्यासमोर अर्धगोल ओळींत, कीर्तनाला बसावेत तसे, बोटभर लांबीचे पोलादी दांडके. नव्वदच्या वर तरी असतील.

"हे काय रे?" बहिणीने विचारलं.

"स्टेकिंग सेट."

"म्हणजे?"

"घड्याळजीची ऐरण समज."

तिने पैठणीची घडी आणखी जवळ धरली. मला अदलाबदल मागायची इच्छा होईल अशी तिला भीती वाटली असावी.

मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मी बँकेत होतो. निवृत्त झाल्यावर लोक गीतेच्या वर्गाला जातात, मी घड्याळं उघडायला शिकलो. बंद करायला अजून शिकतोय. त्यामुळे पेटी माझ्याकडे येणं रीतसरच होतं. फक्त तिचं काय करायचं असतं हे मला ऐकून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं.

मराठीत या हत्याराला नाव नाही. पण त्या दांडक्यांना सगळे घड्याळजी 'पंच' म्हणतात, आणि हा शब्द आपल्या भाषेत असा काही मांडी घालून बसतो की तो इंग्रजीतून आलाय हे ध्यानातच राहत नाही. कारण हे अगदी पारावरचेच पंच. प्रत्येकाचं तोंड वेगळं: कुणाचं सपाट, कुणाचं गोल, कुणी आतून पोकळ, कुणी भरीव, एक टोकदार. प्रत्येकाचं काम ठरलेलं, दुसऱ्याच्या कामाला कुणी यायचं नाही, आणि ज्याची गरज असते तो जागेवर नसतो.

काम तसं एका वाक्यात सांगण्याजोगं आहे. सांगाड्याच्या पायाशी एक पोलादी चकती असते. तिच्या कडेने बारकाईने वाढत गेलेली भोकं. चकती फिरवून हवं ते भोक पुढे आणायचं, वरून टोकदार पंच सोडून ते बरोबर मध्यावर धरायचं, स्क्रू आवळायचा. मग टोकदार पंच काढून त्याच वाटेने कामाचा पंच सोडायचा आणि डोक्यावर लहानशी हातोडी. टक. पंच इकडेतिकडे हलत नाही, सरळ खाली उतरतो. माणसाच्या हाताची थरथर सांगाडा स्वतःकडे घेतो. साठी उलटलेल्या माणसाला याहून प्रेमळ यंत्र सापडायचं नाही.

आणि तो टक करायचा कशावर, तर बॅलन्सच्या स्टाफवर. चावीच्या घड्याळात जे चाक सतत मागेपुढे झुलत असतं, त्याचा हा आस. त्याची दोन्ही टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड, म्हणजे केसाच्या चुलतभावासारखी. जुन्या साध्या घड्याळात हे चाक तासाला 18,000 झोके घेतं, दिवसाला 4,32,000. एवढं करून ते बिचारं तक्रार करत नाही, पण घड्याळ एकदा मोरीत पडलं की टोक मोडतं. मग जुना स्टाफ चाकातून काढायचा, नवा घालायचा आणि त्याची वरची कड पसरून चाकाला रिव्हेट करायची. आधी गोल तोंडाच्या पोकळ पंचाने कड उमलवायची, मग सपाट तोंडाच्या पोकळ पंचाने ती बसवायची, आणि दर टकेला चाक थोडं थोडं फिरवायचं, नाही तर ते एका अंगाला कलतं. पंचाचं भोक स्टाफहून किंचित मोठं हवं. फार मोठं असलं तर कड सुटते. लहान असलं तर जे मोडलं म्हणून नवीन आणलं तेच पुन्हा मोडतं. सगळी मेख त्या 'किंचित'मध्ये आहे, म्हणून एका कामाला एक पंच पुरत नाही, शंभर लागतात.

सांगाड्याच्या बुडाशी बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं: केंड्रिक अँड डेव्हिस, लेबनन. लेबनन वाचून मी नकाशात भूमध्य समुद्र काढला. तो लेबनन नव्हे. हा अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमध्ये. या मंडळींचा धंदा सुरू झाला घड्याळाच्या किल्ल्यांपासून, त्या काळी खिशातल्या घड्याळाला वेगळ्या किल्लीने चावी द्यावी लागायची म्हणून. पुढे किल्लीची घड्याळं गेली आणि नाव राहिलं ते हत्यारांमुळे. त्यांच्या ज्या सेटचं नाव 'इन्व्हर्टो', त्यात तोच पंच वरूनही चालतो आणि उलटा करून खालून घातला की ऐरण म्हणूनही चालतो. एकाच माणसाने वरपक्षाकडूनही जेवायचं आणि वधुपक्षाकडूनही, असा प्रकार. न्यू हॅम्पशायरहून ही पेटी साताऱ्याला कशी आली, याबद्दल मामी एवढंच सांगते की मुंबईला एका पारशी घड्याळजीचं दुकान मोडलं आणि मामा दोन दिवस घरी आला नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

पेटीत शंभर भोकं होती आणि पंच एक्क्याण्णव. त्यांतले तेरा मुळी या सेटचेच नव्हते. कुठल्या तरी जर्मन नाहीतर स्विस सेटचे असावेत, अंगाने बारीक. सांगाड्यात सोडले की मोठ्या भावाच्या शर्टातल्या पोरासारखे हलायचे. उरलेल्यांवर बनवणाऱ्याने नंबर कोरले होते, पण काहींचे झिजून गेलेले. आणि पुढच्या ओळींत तर कुणी कुणाच्या शेजारी उभं राहावं याला काही धरबंध नव्हता. टोकदाराच्या शेजारी पोकळ, पोकळाशेजारी सपाट, पहिल्याच ओळीत एका भोकात चक्क आगपेटीची काडी. शिवाय पुढच्या ओळींतल्या काही भोकांभोवतीचं लाकूड तेलकट काळं पडलं होतं. मामाच्या या अव्यवस्थेचा मला थोडा रागच आला. बँकेत छत्तीस वर्षं व्हाउचरं लावलेला माणूस मी.

पहिल्या रविवारी मी सगळे पंच वर्तमानपत्रावर ओतले. (आधी एक फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, 'मामाचा खजिना' म्हणून. मावशीने हात जोडलेलं चित्र पाठवलं, एका भाच्याने 'विक्रीला आहे का' विचारलं.) मग पेटी पुसली. ते काळे डाग पुसून जाईनात, तेव्हा सँडपेपर घेतला. तीन हात पॉलिश दिलं. पेटी अशी चकाकली की तीत हत्यारं ठेवण्यापेक्षा ती लग्नात आहेर म्हणून द्यावी असं वाटलं.

यानंतर वर्गीकरण. प्रथम आकारमानाने लावून पाहिलं. पोकळ पंचाचं भोक मोजायचं कसं? बाजारातून बारीक ड्रिलचा संच आणला आणि एकेका भोकात एकेक ड्रिल घालून जे जेमतेम जाईल ते त्याचं माप, असं तीन आठवडे केलं. कॉम्प्युटरवर तक्ता केला. रकाने: क्रमांक, तोंड, भोक, लांबी, स्थिती, शेरा. 'शेरा' या रकान्यात काय लिहायचं हे न सुचल्याने बहुतेक ठिकाणी 'बरा' असं लिहिलं. हिने एकदा मागून वाकून वाचलं आणि विचारलं, "अहो, पंचांच्या पत्रिका जुळवताय का?"

मापाने लावल्यावर कळलं की एका कामाला लागणारे दोन पंच, एक गोल तोंडाचा आणि एक सपाट तोंडाचा, एकाच मापाचे असले तर शेजारी येतात, हे छान; पण दिसतात इतके सारखे की आयग्लास लावल्याशिवाय कोण कोण ते कळत नाही. म्हणून तोंडाप्रमाणे लावले. आता गोल तोंडाचे सगळे एका ओळीत आणि सपाट तोंडाचे त्यांच्या समोरच्या ओळीत आले, पूर्वी शाळेत मुलंमुली बसायची तसे. काम करताना दर टकेला या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न्यावा लागे. मग रंगांची कल्पना निघाली. सुनेची नेलपॉलिशची सात बाटल्यांची पेटी मागून घेतली. भोकाच्या मापाप्रमाणे रंगाचं वळं: लाल, गुलाबी, फिकट गुलाबी, जरा कमी फिकट गुलाबी. सुनेच्या आवडीत हिरवा नव्हता, त्यामुळे माझ्या वर्गीकरणात गुलाबीचे चार प्रकार आले आणि दिव्याखाली ते चारही एकच दिसत.

मुलगा बंगळूरला असतो. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, स्वयंपाकघरात सुऱ्या चिकटवायची चुंबकाची पट्टी मिळते. भिंतीला लावा, पंच चिकटवा, एका नजरेत सगळे." मी पट्टी मागवलीही. लावायच्या आदल्या दिवशी, देवाची कृपा, मला आठवलं की पोलादी पंच चुंबकाजवळ राहिला की स्वतः थोडा चुंबक होतो. तो बॅलन्सजवळ नेला की चुंबकत्व त्याच्या हेअरस्प्रिंगला, म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगला, लागतं. तिची वेटोळी एकमेकांना चिकटली की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ तासाला मिनिटांनी पुढे पळतं. ती पट्टी आता स्वयंपाकघरात आहे आणि तिथे सुऱ्या चिकटवलेल्या आहेत. आमच्या घरात एवढी एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे लागली.

पावसाळ्यात आणखी एक अध्याय झाला. पॉलिश केलेल्या पेटीत मी ओलसर फडक्याने पुसलेले पंच ठेवले होते. पंधरा दिवसांनी काहींच्या अंगावर तांबूस पुरळ. मामाच्या पेटीला कापराचा वास यायचा, त्याला मी पूजेच्या कपाटाचा संसर्ग समजलो होतो. आता शिलाई मशीनच्या तेलाचं बोट आणि कापराची वडी, दोन्ही ठेवतो.

आठ महिने गेले. तक्त्याची सहावी आवृत्ती चालू होती. या आठ महिन्यांत त्या सेटवर मी दुरुस्त केलेल्या घड्याळांची संख्या शून्य. कुणी घड्याळ घेऊन आलं की मी म्हणायचो, जरा थांबा, सेट लावून होऊ दे. आवराआवरीचा हा मोठा गुण आहे. काम केल्याचं पूर्ण समाधान मिळतं आणि काही बिघडण्याची भीती नसते. बँकेतही मार्चअखेरच्या ऐन गर्दीत ड्रॉवर आवरायला घेणारा एकजण होताच. मी त्याला नावं ठेवत असे.

मग आमच्याकडे सत्यनारायण झाला. गुरुजी तरुण, पस्तिशीचे, कोथरूडमध्ये दिवसाला चार पूजा सांगणारे. आले, पाट मांडला आणि हिने ताटात नीट लावून ठेवलेलं सामान बघून म्हणाले, "काकू, सुंदर लावलंय. मी जरा मोडू का?" हिने सुपाऱ्या सगळ्या एकत्र ठेवल्या होत्या, नाणी एकत्र, पानं एकत्र, हळकुंडं एकत्र. म्हणजे माझ्याच घराण्यातली पद्धत. गुरुजींनी ते सगळं पाच मिनिटांत विस्कटलं. पान, त्यावर सुपारी, नाणं. पलीकडे पुन्हा पान, सुपारी, हळकुंड. पळीच्या उजवीकडे अक्षता, त्यापलीकडे फुलं, आणि तुळस पार लांब, कारण ती शेवटी लागते. ताट दिसायला कुरूप झालं. पण पुढचा दीड तास त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. तोंडाने मंत्र, डोळे आमच्यावर (मी पळी डाव्या हातात धरतोय का याच्यावर), आणि हात जिथे जाईल तिथे हवी ती वस्तू.

प्रसाद घेताना मी त्यांना विचारलं, एवढं लक्षात कसं राहतं. "लक्षात कुठे ठेवतो काका? विधीच्या क्रमाने मांडलं की झालं. सुपारी दिसायला नको, हाताला लागायला हवी."

हातातला शिरा तसाच ठेवून मी आत गेलो आणि फोनमध्ये ग्रुपवरचा तो फोटो शोधला.

फोटो मोठा करून पाहिला. पहिली ओळ, उजव्या हाताशी येणारी. डावीकडून: टोकदार पंच, मध्य धरायचा. शेजारी रोलर, म्हणजे स्टाफवरची बारकी तबकडी, काढायचा. त्याच्या शेजारी जुना स्टाफ ठोकून काढायचा. मग गोल तोंडाचा पोकळ. मग सपाट तोंडाचा पोकळ. मग ती आगपेटीची काडी. मग जरा मोठ्या भोकाचा पोकळ, रोलर परत बसवायचा. अव्यवस्था कसली, तो विधी होता. स्टाफ बदलण्याचा सगळा विधी, पहिल्या आचमनापासून शेवटपर्यंत, एका ओळीत. दुसऱ्या ओळीत तोच विधी पुन्हा, पण बारीक मापात, बायकांच्या घड्याळांचा. आणि ते परके तेरा, सांगाड्यात हलणारे, सगळ्यांत मागे एका बाजूला. ते सांगाड्यासाठी नव्हतेच. ते हातात धरून काटे दाबून बसवायला घेत असणार. पोकळ तोंड, बारीक अंग, डायलवर हात न टेकता काम होतं. चौथ्या ओळीपासून पुढचे पन्नाससाठ पंच अगदी कंपनीच्या नंबराप्रमाणे, शिस्तीत उभे होते, कारण त्यांना मामाने बहुधा कधी हातच लावला नव्हता.

आणि काळे डाग. ज्या भोकांना रोज बोटं लागली त्यांच्याभोवती चाळीस वर्षांचं तेल मुरलं होतं. कुठला पंच किती वेळा उचलला याचा हिशेब लाकडाने ठेवला होता. मी माझा तक्ता करण्याआधी तो तक्ता तयार होता आणि मी तो दोन नंबरच्या सँडपेपरने घासून काढला होता.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मामांनी लावलेलं तुम्ही आठ महिने मोडत होतात." तिचा मुद्दा मला फोटोपेक्षा स्पष्ट दिसला.

फोटो जरा अस्पष्ट होता, तरी दोन संध्याकाळींत सगळं पूर्ववत लावलं. नेलपॉलिश थिनरने काढलं; घरात तीन दिवस लग्नघराचा वास येत होता. सहाव्या भोकात नवी काडी खोवली. काडीचा अर्थ मला आता उलगडला होता. रिव्हेट झालं की बॅलन्स परत बसवण्याआधी, स्टाफचं टोक ज्यात फिरतं त्या खड्याच्या भोकातलं जुनं वाळलेलं तेल काढावं लागतं. त्याला परदेशी घड्याळजी टोक काढलेली लाकडी काडी वापरतात, लोखंड वापरलं तर खडा तडकायची भीती. साताऱ्यात त्यासाठी आगपेटीची काडी. आणि ओळीतली जागाही अचूक, सपाट पंचाच्या नंतर, रोलरच्या आधी. क्रमाच्या या बारकाव्याने मी इतका भारावलो की ते मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. मावशीने पुन्हा हात जोडले.

पहिलं काम गुरुजींचंच आलं. त्यांच्या आजोबांचं वेस्ट एंड. ही घड्याळं स्वित्झर्लंडची. कंपनीच्या पेढ्या मुंबईला आणि कलकत्त्याला होत्या, आणि एके काळी आपल्याकडे सासऱ्याने जावयाला काय दिलं याचं हे ठरलेलं उत्तर असे. हे होतं धक्का सोसणारे स्प्रिंगचे खडे यायच्या आधीचं, त्यामुळे एकदा पडलं आणि बसलं. पुढे ते खडे आले. एचएमटीने 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने कारखाना काढला, त्यांच्या घड्याळांतही धक्क्याची सोय होती. स्टाफ मोडायचे कमी झाले. नंतर क्वार्ट्झ आलं. त्यात झुलणारं चाकच नाही, मोडणार काय? मामाच्या पंचांच्या ओळी अशा एकेक करून बसत गेल्या.

स्टाफ मामाच्याच एका डब्यात मिळाला, कागदी पुडीत, वर त्याच्या हातचं 'वे. ए., लेडीज नव्हे' असं. टेबलावर पांढरा कागद, डोळ्याला आयग्लास. टोकदार पंच सोडला, चकतीचं भोक मध्यावर धरलं, आवळलं. रोलर निघाला. जुना स्टाफ निघाला. तो निघताना माझ्या तोंडून कुठला तरी मंत्र निघाला असं ही म्हणते. नवा बसवला, वर चाक. हात उजवीकडे गेला, गोल तोंडाचा पोकळ पंच बोटांत आला. टक. चाक जरासं फिरवलं. टक. फिरवलं. टक. हात पुढे, सपाट. टक, टक. मधे एकदाही वर पाहिलं नाही. काडीला पातीने टोक काढलं, खड्याचं भोक साफ केलं. रोलर. हेअरस्प्रिंग. दोन थेंब तेल, म्हणजे थेंबाचे नातू. चार वळसे चावी. चाक एकदा अडखळलं, मग झुलायला लागलं आणि झुलतच राहिलं.

त्या आनंदात मामीला फोन लावला. सगळं सांगितलं, ओळ, विधी, लाकडावरचे डाग. तिचा आवाज जरा ओला झाला. "तुझा मामा रात्री दिवे गेले तरी काम करायचा रे," ती म्हणाली. "हात कळायचा त्याचा त्याला."

"आणि मामी, ती काडी! सपाट पंचानंतर काडी, बरोबर त्याच जागी. काय डोकं!"

"कुठली काडी?"

"आगपेटीची. पहिल्या ओळीत. खडा साफ करायची."

मामी थोडा वेळ काही बोलली नाही. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"अरे, ती कान कोरायची होती त्याची. मी कितीदा फेकली, पुन्हा तिथेच खोचून ठेवायचा."

ग्रुपवर मी अजून काही कळवलेलं नाही. काडी तिथेच आहे, पहिल्या ओळीत, सहाव्या भोकात. गुरुजींच्या घड्याळाचा खडा तिनेच साफ झाला आणि घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढे जातं, एवढं आजोबांच्या घड्याळाला चालतं असं गुरुजी म्हणाले.